लातूरकर राष्ट्रकूट

इ.स. 866 मध्ये कर्नाटकातल्या धारवाड-गदग भागात शिरूर आणि नीलगुंद या दोन गावी शिलालेख कोरले गेले. दोन्ही लेख राष्ट्रकूट सम्राट पहिल्या अमोघवर्षाच्या काळातले. त्याला गादीवर बसून तेव्हा पन्नासहून अधिक वर्षे झाली होती आणि मान्यखेट, म्हणजे आजच्या कलबुर्गी जिल्ह्यातले मळखेड, ही त्याची राजधानी चांगली नावारूपाला आली होती. पंधराच वर्षांपूर्वी, 851 च्या सुमारास, सुलेमान या व्यापाऱ्याच्या नावावर असलेल्या अरबी वृत्तान्तात जगातले चार थोर राजे मोजले गेले: बगदादचा खलिफा, चीनचा बादशहा, रूमचा सम्राट आणि 'बल्हारा'. हा बल्हारा म्हणजे वल्लभराज, राष्ट्रकूटांचे बिरुद अरबांच्या तोंडी बसले ते या रूपात. असा हा राजा, आणि शिरूर-नीलगुंदच्या लेखांत त्याची ओळख कशी करून दिली आहे? 'लत्तलूरपुराचा स्वामी' अशी. त्यात मान्यखेटाचा अभिमान नाही, वेरूळचाही नाही. पुढे शंभरेक वर्षांनी साम्राज्य बुडाले, तरी सौंदत्ती-बेळगावचे रट्ट मांडलिक तेराव्या शतकापर्यंत 'लत्तलूरपुरवराधीश्वर' हेच बिरुद मिरवत राहिले. हे लत्तलूर म्हणजे आपले लातूर.

आजच्या वाचकाला लातूर आठवते ते तुरीच्या आणि सोयाबीनच्या बाजारासाठी, दहावी-बारावीच्या 'लातूर पॅटर्न'साठी, 30 सप्टेंबर 1993 च्या किल्लारीच्या भूकंपाच्या पहाटेसाठी, आणि 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून पाणी घेऊन आलेल्या रेल्वेसाठी. राष्ट्रकूटांशी या शहराचे नाते सांगितले जाते, नाही असे नाही. पण ते बहुधा एकाच वाक्यात उरकले जाते आणि ते वाक्य चुकीचे असते: 'प्राचीन काळी लातूर ही राष्ट्रकूटांची राजधानी होती.' स्मरणिकांत, माहितीफलकांत, स्पर्धापरीक्षांच्या पुस्तकांत हे वाक्य एकमेकांवरून उतरवले जाते. लातूरहून एखाद्या राष्ट्रकूट राजाने राज्य केले असे दाखवणारा पुरावा माझ्यासमोर नाही. जे दिसते ते वेगळे आहे आणि माझ्या मते राजधानीपणापेक्षा अधिक नवलाचे आहे. लातूर हे या घराण्याचे मूळ गाव. मराठीत 'तुम्ही मूळचे कुठले?' असा जो प्रश्न आपण विचारतो, त्याला राष्ट्रकूटांनी दगडावर कोरून दिलेले उत्तर म्हणजे लत्तलूर.

'पुरवराधीश्वर' या बिरुदाचा अर्थ शब्दशः घेतला की घोटाळा होतो. 'श्रेष्ठ नगराचा स्वामी' म्हटल्यावर तिथे सिंहासन असलेच पाहिजे असे वाटते. पण मध्ययुगीन दख्खनमधली घराणी हे बिरुद कसे वापरत होती ते पाहावे. गोव्याचे आणि हानगलचे कदंब स्वतःला बनवासीचे अधिपती म्हणवत, आणि राज्य करत गोव्यातून व हानगलातून. तळकाडच्या गंगांच्या बिरुदात कोवळालपूर, म्हणजे कोलार, राहिले. ठाणे, दक्षिण कोकण आणि कोल्हापूर इथल्या शिलाहारांच्या तिन्ही शाखा स्वतःला 'तगरपुरवराधीश्वर' म्हणवत, आणि तगर म्हणजे धाराशिव जिल्ह्यातले तेर. घराणे जिथून निघाले ते गाव बिरुदात राहते आणि जिथे नांदले ते गाव राजधानी होते. मराठी माणसाला हे समजायला अवघड जाऊ नये, कारण आपली '-कर' लावलेली आडनावे याच रीतीने चालतात. गावात राहणाऱ्याला गावाच्या नावाने कोणी हाक मारत नाही. गाव सुटले, माणूस परक्या ठिकाणी गेला, की तिथले लोक त्याला त्या गावाचा म्हणून ओळखू लागतात. नरहर कुरुंदकर जन्मले नांदापूरला, नावारूपाला आले नांदेडला, आणि आडनावात राहिले ते कुरुंदा. याच न्यायाने अमोघवर्षाच्या घराण्याला 'लातूरकर' म्हणायला हरकत नाही. त्या बिरुदातून निघतो तो निष्कर्ष असा की ते लातूरचे होते आणि लातूर सोडून गेले होते.

यावर पहिला आक्षेप सहज सुचणारा आहे. बिरुदे खोटी असू शकतात. देवगिरीचे यादव स्वतःला 'द्वारावतीपुरवराधीश्वर' म्हणवत. ते खरोखर द्वारकेहून आले असे आज कोणी छातीठोकपणे सांगणार नाही. कल्याणच्या कलचुरींनी कालंजरचे नाव लावले, तेही उत्तरेतल्या थोर कलचुरी वंशाशी नाते जोडण्यासाठी. मग लत्तलूरच तेवढे खरे कशावरून? माझे उत्तर असे की खोटे बिरुद घेणारा माणूस काहीतरी कमावण्यासाठी ते घेतो. द्वारका घेतली की कृष्णाचे कूळ मिळते, कालंजर घेतले की दुर्गम किल्ल्याची कीर्ती मिळते. लत्तलूर घेऊन काय मिळणार होते? पुराणात त्याला स्थान नाही, तीर्थ म्हणून त्याचा बोलबाला नाही, किल्ला म्हणून त्याची ख्याती नाही. शिवाय राष्ट्रकूटांना पौराणिक कुळाचा मोह नव्हता असे मुळीच नाही. नवव्या शतकाच्या उत्तरार्धापासून त्यांचे लेख आपला वंश यदूशी जोडू लागतात, पुढे सात्यकीचेही नाव येते. एकदा यदुवंशी म्हणवल्यावर द्वारका मागून घ्यायला त्यांना कोणी अडवले असते? पण यदू आला तरी लत्तलूर बिरुदात राहिलेच. बढाई मारायची पूर्ण मुभा असताना माणूस ज्या साध्या गोष्टीला धरून राहतो, ती गोष्ट बहुधा खरी असते. हाच न्याय लावला तर शिलाहारांच्या तगराबद्दल मात्र मला थोडे सावध राहावे लागेल. तगर हे जुन्या काळी गाजलेले व्यापारी नगर, ग्रीक भाषेतल्या 'पेरिप्लस'मध्येही त्याचा उल्लेख आहे, तेव्हा ते नाव लावण्यात मोठेपणा होता. तरी धनी लातूरकर आणि त्यांचे मांडलिक तेरकर, आणि ही दोन्ही गावे शेजारशेजारच्या तालुक्यांच्या अंतरावर, हा योगायोग म्हणून सोडून देणे मला जड जाते.

दुसरा आक्षेप अधिक विद्वत्तेचा होता, कारण तो खुद्द जॉन फेथफुल फ्लीट यांनी पुढे केला होता. कानडी प्रदेशातल्या राजवंशांचा पाया घालणारा इतिहास फ्लीट यांनी मुंबई इलाख्याच्या गॅझेटियरसाठी लिहिला. त्यात त्यांनी लत्तलूर म्हणजे मध्य प्रांतातल्या बिलासपूरजवळचे रतनपूर असावे असे सुचवले होते. राष्ट्रकूट आणि उत्तरेतले राठोड यांचे नाते असावे, ही त्या काळची एक कल्पना या तर्कामागे होती. हे मत पुढे मागे पडले आणि अनंत सदाशिव अळतेकर यांनी 1934 च्या आपल्या राष्ट्रकूटांवरील ग्रंथात लातूरचीच बाजू घेतली. रतनपूर सातशे किलोमीटर दूर आहे, पण अंतर ही खरी अडचण नव्हे, घराणी त्याहून लांब गेलेली आहेत. खरी अडचण कालगणनेची आहे. रतनपूर हे नाव कलचुरी राजा रत्नराज याच्यावरून पडले आणि तो अकराव्या शतकातला. शिरूरचा शिलालेख कोरला गेला तेव्हा रतनपूर या नावाचे गाव व्हायला दीडशे-पावणेदोनशे वर्षे जायची होती. जे नाव अजून जन्मलेच नव्हते, त्याचे लत्तलूर हे जुने रूप कसे असेल?

गंमत अशी की रतनपूर या नावाने लातूरची पाठ सोडलेली नाही. लातूरचे पौराणिक नाव रत्नापूर असे सांगतात. गावचे दैवत सिद्धेश्वर, त्याच्या जोडीला रत्नेश्वर, महाशिवरात्रीला मोठी यात्रा, आणि सिद्धेश्वराचे देऊळ ताम्रध्वज राजाने बांधले अशी कथा. आता हा ताम्रध्वज कोण? अश्वमेधाच्या घोड्याच्या कथेतल्या मयूरध्वज राजाचा मुलगा. आणि छत्तीसगडातले रतनपूरही आपल्याला मयूरध्वजाची नगरी म्हणवून घेते. म्हणजे ज्या दोन गावांत फ्लीट यांच्या एका तर्काने नाते जुळवले, ती दोन्ही गावे आपापल्या परीने एकाच पुराणकथेवर हक्क सांगत आहेत. यावरून दोन्हींचा खरा संबंध होता असे मी म्हणत नाही. मला यातून दिसते ते इतकेच की राष्ट्रकूट विस्मरणात गेल्यावर लातूर या नावाचा अर्थ गावाला लागेना. अर्थ न लागणाऱ्या नावाला संस्कृताचा पोशाख चढवायची आपल्याकडे रीतच आहे. 'लातूर'चे 'रत्नापूर' झाले, आणि रत्नापूर झाल्यावर त्याला साजेसा राजा पुराणातून आणावा लागला. हे माहात्म्य लिहिणाऱ्यांना खोटे ठरवण्याची गरज नाही. त्यांनी गावाला जे सुचले ते जपले. फक्त इतिहासाचा पुरावा म्हणून ते वापरता येत नाही, एवढे स्पष्ट असावे.

नावाच्या रूपाबद्दल मात्र थोडे थांबले पाहिजे. प्राकृतातले जोडाक्षर मराठीत एकेरी होते आणि त्याआधीचा स्वर दीर्घ होतो, हा मराठी भाषेच्या इतिहासातला सर्वात सरळ नियम. सत्तचे सात झाले, भत्तचा भात झाला, हत्थचा हात झाला. त्याच वाटेने 'लत्त'चे 'लात' होते. 'लातलूर' म्हणताना लागोपाठ येणाऱ्या दोन 'ल'कारांतला एक जिभेवरून घसरणे अगदी नैसर्गिक आहे. कोणी म्हणेल की विद्वानांच्या लिखाणात हे नाव लट्टलूर असेही येते, लत्तनूर असेही येते, आणि 'ट'चा 'त' एवढ्या सहजी होत नाही. आक्षेप रास्त आहे. पण त्याचे उत्तर व्याकरणात शोधत बसण्याची गरज नाही, ते लातूरच्याच एका देवळात आहे. शहरातल्या पापविनाशक मंदिरात कल्याणच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याच्या काळातला शिलालेख मिळाला. सोमेश्वराची कारकीर्द बाराव्या शतकाच्या पूर्वार्धातली, 1126 च्या आसपास सुरू झालेली. त्या लेखात या गावाचे नाव 'लत्तलौर' असे आले आहे आणि इथे पाचशे विद्वान राहत असल्याचे सांगितले आहे. पाचशे हा आकडा ठरीव असेल, अशा लेखांत तो पुष्कळदा येतो. महत्त्वाचे नाव आहे. ज्या शतकात सौंदत्तीचे रट्ट लत्तलूरचे बिरुद मिरवत होते, त्याच शतकात लातूर गावाचे चालू नाव लत्तलौर होते. हा पुरावा नसता तर आपण केवळ उच्चारसाम्यावर विसंबून होतो. तो असल्यामुळे वाद जवळजवळ मिटतो.

'ऊर' म्हणजे गाव हा द्राविडी शब्द, आणि तो लातूरला एकट्यालाच लागलेला नाही. चाकूर, निटूर, देगलूर ही आसपासची नावे वाचली तरी जुना भाषिक थर हाताला लागतो. राष्ट्रकूटांच्या दरबारात अमोघवर्षाच्या काळी लिहिला गेलेला 'कविराजमार्ग' हा कानडीतला उपलब्ध असलेला सर्वात जुना मोठा ग्रंथ. त्यात कानडी मुलखाची सीमा कावेरीपासून गोदावरीपर्यंत सांगितली आहे. गोदावरी नांदेडला वाहते आणि लातूर त्या रेषेच्या बरेच दक्षिणेला आहे. नांदेड-लातूर भागात मिळणारे जुने कानडी शिलालेख या सीमेला दुजोरा देतात. देगलूरजवळच्या होट्टलची चालुक्यकालीन मंदिरे आणि तिथले लेख ही याची ठळक खूण. आणखी एक बारीक पण बोलका पुरावा अळतेकरांनी दाखवला आहे. राष्ट्रकूटांची एक शाखा गुजरातेत, लाट प्रदेशात, राज्य करत होती. तिचे ताम्रपट त्या भागाच्या लिपीत आहेत, पण काही ताम्रपटांवर राजाची सही मात्र कानडी वळणाच्या लिपीत आहे. ताम्रपट लेखनिक लिहितो, सही राजा करतो. दोन पिढ्या गुजरातेत काढूनही ज्या राजाचा हात सहीच्या वेळी दक्षिणेकडे वळतो, त्याच्या घरची भाषा कोणती असावी याबद्दल फार शंका घ्यायला जागा राहत नाही. कानडी घराणे, कानडी मुलखाच्या उत्तर टोकाला असलेले 'ऊर'कारान्त गाव आणि त्याच गावाचे बिरुद, या तीन गोष्टी एकमेकींना धरून उभ्या आहेत.

सर्वात अडचणीचा आक्षेप काळाचा आहे, आणि तो टाळून पुढे जाणे बरोबर होणार नाही. राष्ट्रकूटांचे स्वातंत्र्य सुरू झाले दंतिदुर्गापासून. त्याचा सामानगडचा ताम्रपट शके 675, म्हणजे इ.स. 753-54 चा. लत्तलूरचे बिरुद ठळकपणे दिसते 866 मध्ये. मधल्या शंभर-सव्वाशे वर्षांत दंतिदुर्गाने बदामीच्या चालुक्यांना लोळवले, पहिल्या कृष्णाने वेरूळचे कैलास खोदवले, ध्रुव आणि तिसरा गोविंद उत्तरेत कनौजच्या राजकारणात उतरले. या काळातल्या त्यांच्या प्रशस्तीत लातूर का नाही? शिवाय अळतेकरांच्याच मते दंतिदुर्गाचे पूर्वज विदर्भात, अचलपूरच्या बाजूला होते. तिकडच्या नन्नराज वगैरे राष्ट्रकूट राजांचे सातव्या-आठव्या शतकांतले ताम्रपट तिवरखेड आणि मुलताई इथे मिळाले आहेत. मग मूळ गाव अचलपूर का म्हणू नये? या आक्षेपाचा पहिला भाग लेखांच्या प्रकाराकडे पाहिले की बराच सैल होतो. सुरुवातीचे राष्ट्रकूट पुरावे मुख्यतः संस्कृत ताम्रपटांचे आहेत. त्यांत राजाची स्तुती काव्यातून येते, शत्रूंचे हत्ती आणि समुद्रापर्यंतच्या दिग्विजयाच्या गोष्टी येतात, गावाकडची ओळख येत नाही. बिरुदांची लांबलचक माळ ही दख्खनच्या दगडी लेखांची, त्यातही कानडी लेखांची रीत. तशा लेखांची संख्या वाढली तसे हे बिरुद दिसू लागले. आक्षेपाचा दुसरा भाग मी मान्य करतो, पण त्याने माझे म्हणणे मोडत नाही. लातूरहून विदर्भात गेलेले कानडी घराणे तिथे काही पिढ्या मांडलिक म्हणून वाढले आणि पुढे वेरूळकडे आणि मान्यखेटकडे सरकले, हा अळतेकरांचा क्रम. अचलपूरहून निघालेल्या घराण्याने अचलपूरचे नाव लावले नाही, लातूरचे लावले. मधला मुक्काम आडनावात येत नाही. नांदेडला दोन पिढ्या काढून पुण्याला गेलेले घर तिथे आडनाव बदलून नांदेडकर होत नाही.

आता जमिनीतला पुरावा. लातुरात राष्ट्रकूटांचा वाडा सापडलेला नाही, कोट नाही, कैलासासारखे सोडा, पण ठसठशीत म्हणावे असे त्या काळातले एखादे देऊळही उभे नाही. लातूर राजधानी होती असे म्हणणाऱ्याला ही गोष्ट अडचणीची आहे. मूळ गाव म्हणणाऱ्याला नाही. आपण ज्याला मूळ गाव म्हणतो तिथे पडका वाडा आणि कुलदैवत याखेरीज काय असते? आणि लातूर हे बसते-उठते गाव आहे. गंजगोलाई ही बाजारपेठ 1917 साली आखली गेली, तिच्याभोवती सोळा रस्ते जोडले गेले, पेठ वाढली आणि जुन्या वस्तीच्या डोक्यावर नवी वस्ती बसत गेली. जिवंत गावाच्या पोटात खणता येत नाही. तेरचे नशीब या बाबतीत उलटे. तिथली पांढरीची टेकाडे मोकळी पडलेली होती म्हणून तिथे उत्खनन झाले. रोमच्या साम्राज्याशी असलेल्या व्यापाराच्या खुणा निघाल्या आणि पाँपेईच्या राखेत मिळालेल्या हस्तिदंती बाहुलीशी नाते सांगणारी पुतळी निघाली. पण तेरचा वारसा वाचला तो केवळ सरकारी कुदळीमुळे नव्हे. गावातल्याच रामलिंगप्पा लामतुरे यांनी शेतात, पांदीत, पावसाने उघड्या पडलेल्या ढिगाऱ्यात मिळेल ती वस्तू जमवली. त्यांच्या संग्रहावर उभे असलेले संग्रहालय आज तेरला त्यांच्याच नावाने आहे. स्थानिक इतिहासकार कोणाला म्हणावे हे ज्याला कळत नसेल त्याने हे संग्रहालय पाहावे.

राजधानीचा मान हवा असेल तर तो मागायला मराठवाड्यात लातूरपेक्षा कंधारचा हक्क मोठा आहे. नांदेड जिल्ह्यातले हे तालुक्याचे गाव. तिथे तिसऱ्या कृष्णाच्या काळातला शिलालेख मिळाला आहे, आणि तो मुख्यतः गावातल्या देवळांची आणि दानधर्माची जंत्री आहे. राष्ट्रकूटांच्या बिरुदावरून नाव पडलेला जगत्तुंगसमुद्र हा तलाव तिथे आजही पाण्याने भरतो. भग्न अवस्थेत पडलेल्या क्षेत्रपालाच्या अवाढव्य मूर्तीचे अवयव पाहिले की ती उभी असताना किती उंच दिसत असेल याचा अंदाज बांधता बांधता माणूस थकतो. मागाहून बहमनी, निजामशाही अशा राजवटींत किल्ला पुन्हा पुन्हा बांधला गेला, तरी राष्ट्रकूटांची कमाई तिथल्या जमिनीवर दिसते. कंधारला राजा राहिला असेल, पैसा नक्की ओतला. तरीही सौंदत्तीच्या रट्टांनी, जे घराण्याचे दूरचे भाईबंद म्हणवत, कंधारचे नाव न लावता लत्तलूरचे लावले. कंधार मिळवलेले आहे आणि लातूर वारशाने आलेले आहे, हा फरक त्या माणसांना ठाऊक होता. आपल्याला तो पुन्हा शिकावा लागतो आहे.

या चर्चेत एक प्रश्न हटकून डोके वर काढतो: मग राष्ट्रकूट मराठी की कानडी? चिंतामणराव वैद्यांनी त्यांना मराठे ठरवले होते, अळतेकरांनी कानडी ठरवले, बर्नेल यांनी तर आंध्रातल्या रेड्ड्यांशी नाते जोडले. मी वर घरची भाषा कानडी असावी असे म्हटले आहे आणि ते मागे घेत नाही. पण त्यावरून आजच्या सीमेचा हिशेब मांडणे म्हणजे नवव्या शतकातल्या माणसाला 1956 च्या राज्य पुनर्रचनेचा नकाशा दाखवणे आहे. उदगीर, निलंगा आणि अहमदपूर हे तालुके त्या वर्षी बीदर जिल्ह्यातून निघून इकडे आले. लातूर तालुका त्याआधीच उस्मानाबाद जिल्ह्यात गेला होता, आणि स्वतंत्र लातूर जिल्हा 16 ऑगस्ट 1982 ला झाला. देवणी-उदगीर पट्ट्यातल्या बाजारात आजही माणसे एका वाक्यात दोन भाषा बोलतात. निलंग्यात जन्मलेले सेतुमाधवराव पगडी उर्दू, फार्सी, तेलुगू आणि कानडी सहज हाताळत मराठीत इतिहास लिहीत राहिले, ते याच मातीत वाढल्यामुळे. लत्तलूर अशा मुलखातले गाव होते. त्याला एका भाषेच्या खुंटीला बांधायचे म्हटले तर खुंटी उपटली जाईल, गाव जागचे हलणार नाही.

तेव्हा माहितीफलकावरचे 'राजधानी' हे वाक्य पुसून तिथे 'राष्ट्रकूटांचे मूळ गाव' असे लिहावे. ते खरे आहे, आणि सिद्ध करता येण्याजोगे आहे. पण फलकापेक्षा निकडीचे काम दुसरे आहे. लातूर-नांदेडच्या कितीतरी गावांत देवळाच्या पायरीला, बारवेच्या काठाला, मारुतीच्या पाराला अक्षरांचे दगड लागलेले आहेत. भूकंपानंतरच्या बांधकामात, जीर्णोद्धाराच्या उत्साहात, ऑइलपेंटच्या थराखाली त्यातले किती गेले याची मोजदाद करण्याची वेळ टळून गेली आहे. पापविनाशकाच्या एका दगडाने लातूरला त्याचे नाव परत दिले. तुमच्या गावात असा दगड असेल तर त्याला रंग लावू नका, सिमेंट भरू नका, खरवडून स्वच्छही करू नका. तिरप्या उन्हात, सकाळी किंवा संध्याकाळी, त्याचे स्पष्ट छायाचित्र घ्या, दगड कुठे आहे ते लिहून ठेवा, आणि जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात किंवा पुरातत्त्व खात्याच्या कार्यालयात ते नेऊन द्या.